केतकी आणि तिसरा उंचवटा

घाटमाथ्यावर कुसुंबमाळ नावाचं एक गाव आहे. तिथे केतकी बोराटे नावाची एक मुलगी राहायची. तिला एकच गोष्ट मनापासून हवी होती. परदेशातल्या मुलींच्या शेजारी आपली सायकल लावायची आणि एकदा तरी त्यांच्याबरोबर शर्यतीत उतरायचं.

ही सायकल म्हणजे शाळेत जायची सायकल नव्हे. ती बुटकी असते, छोट्या जाड चाकांची. तिला बीएमएक्स म्हणतात. तिच्या शर्यतीसाठी मातीचा ट्रॅक बांधावा लागतो. त्यावर एकामागून एक उंचवटे असतात आणि भिंतीसारखी उभी वळणं असतात. वरच्या टेकाडावरचं गेट पडलं की सगळ्या एकदम सुटतात, उंचवट्यांवरून उड्या घेत खाली येतात आणि बघणाऱ्याला नीट कळायच्या आत शर्यत संपते.

कुसुंबमाळला हा खेळ धुमाळ सरांनी आणला. ते गावच्या शाळेत खेळ शिकवायचे. रस्ता रुंद केला तेव्हा उरलेल्या मुरमाचे ढीग माळावर पडून होते आणि पोरं त्यांवरून सायकली उडवायची. सरांनी ते पाहिलं. ते रागावले नाहीत. त्यांनी कुठून तरी जुनी हेल्मेटं मिळवली आणि म्हणाले, "उडायचंच असेल तर उतरायला आधी शिका." त्या ढिगांचा हळूहळू एक छोटा ट्रॅक झाला आणि त्या ट्रॅकवर केतकी मोठी झाली.

संध्याकाळी सराव संपला की इतर मुलं घरी जायची. केतकी टेकाडावर बसून राहायची. तिथून घाट दिसायचा. खाली जाणाऱ्या गाड्या वळणावळणाने लहान होत जायच्या. त्या कुठे जात असतील, तिथल्या मुली कशा सायकल चालवत असतील, असलं काहीबाही तिच्या मनात यायचं.

एकदा परदेशी जाणाऱ्या संघाची निवड झाली. दोन मुलींना जायचं होतं. केतकीचा नंबर तिसरा आला. पुढे त्या दोघींचा विमानतळावरचा फोटो सरांच्या मोबाइलवर आला, तेव्हा केतकीने तो बोटांनी मोठा करून पाहिला. मुलींकडे तिचं लक्ष नव्हतं. मागच्या काचेतून विमानाचं शेपूट दिसत होतं, त्याकडे ती बघत होती.

"पुढच्या वेळी," सर म्हणाले.

"हो सर," ती म्हणाली. तिला ठाऊक होतं की तिच्या वयोगटात आता एकच वर्ष उरलं आहे. त्यानंतर ती वयाने मोठ्या गटात जाणार होती, आणि तिथे नव्याने, अगदी खालून सुरुवात करावी लागणार होती.

आणि त्याच वर्षी बातमी आली. अनेक देशांतल्या मुलामुलींची स्पर्धा या वेळी भारतात होणार होती, आणि ती चक्क कुसुंबमाळला. यजमान देशाला संघात जास्तीच्या जागा मिळत होत्या. त्यांतल्या एका जागेवर केतकीचं नाव लागलं.

तिची आई, शालन, गावात खानावळ चालवायची. बातमी ऐकल्यावर तिने हातातला झारा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुला जाता आलं नाही, तर तेच येतायत म्हणायचे." आणि दुसऱ्या दिवसापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली, की स्पर्धेला येणारी नेपाळची माणसं जेवणात काय खातात.

स्वागत समितीचे अध्यक्ष झाले विश्वासराव काटकर. माणूस वाईट नव्हता. गावाचं नाव सांगितलं की जिल्ह्याच्या ठिकाणीही लोक त्यांना विचारायचे, "हे कुठे आलं?" ते त्यांच्या मनाला आयुष्यभर लागलेलं होतं. आता सगळ्या जगाने कुसुंबमाळ बघावं, असं त्यांना वाटत होतं. म्हणून जे बघितलं जाईल ते त्यांनी आधी करायला घेतलं. गावाच्या तोंडाशी कमान उभी राहिली. मान्यवरांसाठी फरशी घातलेला मंच झाला. गाड्या लावायला माळ सपाट झाला. मंत्री आलेच तर म्हणून हेलिपॅडसुद्धा झालं.

जेसीबी एकच होता. धुमाळ सर रोज जाऊन सांगायचे, "काटकरसाहेब, ट्रॅकला आधी हात लावू या. नवा भराव बसायला वेळ लागतो. थर घालायचा, पाणी मारायचं, दाबायचा, मग वरचा थर."

काटकर म्हणायचे, "होईल हो सर. मातीचंच तर काम आहे."

अखेर जेसीबी ट्रॅकवर आला तेव्हा पाहुणे यायला थोडेच दिवस राहिले होते. ट्रॅक मोठा करायचा होता. तिसरा उंचवटा जिथे यायचा तिथे नेमका जुना खड्डा होता. तो मिळेल त्याने भरला, वर माती लोटली, एकदा रोलर फिरवला आणि त्यावर लाल मुरमाचा गुळगुळीत लेप दिला. लांबून बघणाऱ्याला ट्रॅक देखणा वाटायचा. वर्तमानपत्रात त्याचा फोटोही आला.

पहिल्याच सरावाला केतकी तिसऱ्या उंचवट्यावरून उडाली आणि डाव्या बाजूला उतरली. मागचं चाक मातीत रुतलं. ती हँडलवरून पुढे फेकली गेली आणि खांद्यावर पडली. नशिबाने फक्त खरचटलं. सरांनी त्या जागी माती टाकून ती पुन्हा दाबून घेतली. दोन दिवसांनी ती जागा पुन्हा खचली.

सर काटकरांकडे गेले. काटकर म्हणाले, "आता उकरायला घेतलं तर स्पर्धा होईल का? स्पर्धेपुरतं टिकलं म्हणजे झालं. मग आपण निवांत करू सगळं."

केतकीने आपल्यापुरता मार्ग काढला. तिसऱ्या उंचवट्यावर ती उडी आखूड घ्यायची आणि अगदी उजव्या कडेला उतरायची. तिकडची माती जुनी होती, घट्ट होती. थोडा वेळ जायचा, पण चाक रुतायचं नाही. सरावाने तिला ते इतकं अंगवळणी पडलं, की तिथे काही धोका आहे हेही ती विसरू लागली.

सगळ्यांत आधी नेपाळचा संघ आला. त्यांच्यात पेमा नावाची एक मुलगी होती, केतकीच्याच वयाची. दोघींची हिंदी तोडकीमोडकी होती, पण सायकलीबद्दल बोलायला तेवढी पुरत होती. पेमाने केतकीची चेन हातात धरून पाहिली, केतकीने पेमाचं हँडल. इतकी वर्षं टेकाडावर बसून जिची कल्पना केली होती, ती मुलगी समोर उभी होती. तिच्या गुडघ्यांवर केतकीच्यासारखेच जुने व्रण होते.

स्पर्धेच्या तपासणीसाठी सबनीस मॅडम आल्या होत्या. स्पर्धा घ्यायची की नाही, हे त्यांच्या शब्दावर होतं. त्यांच्याबरोबर नेपाळच्या प्रशिक्षकांनीही ट्रॅकला चक्कर मारली. तिसऱ्या उंचवट्यापाशी ते थांबले. बुटाने माती दाबून म्हणाले, "हा भराव नवा वाटतो. मला काळजी वाटते."

सबनीस मॅडमनी काटकरांकडे पाहिलं.

काटकर हसले. "काळजीचं काही कारण नाही. आमची पोरगी रोज इथेच सराव करते. केतकी, एक चक्कर मारून दाखव पाहुण्यांना."

केतकीने सरांकडे पाहिलं. सर गळ्यातल्या शिट्टीची दोरी नीट करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

केतकी टेकाडावर गेली. तिथून कमान दिसत होती, झेंडे दिसत होते, पेमा डोळ्यांवर आडवा हात धरून तिच्याकडे बघत होती. आता फक्त एक चक्कर. मग स्पर्धा होणार होती, गेटवर तिच्या दोन्ही बाजूंना परदेशी मुली असणार होत्या. ती सुटली. पहिला उंचवटा, दुसरा. तिसऱ्यावर तिने उडी आखूड घेतली आणि उजव्या कडेला उतरली. पुढचं वळण, पुढची रांग, शेवटची रेघ. एकदाही चाक डगमगलं नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेपाळच्या प्रशिक्षकांनीही वाजवल्या. सबनीस मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. उद्या सकाळपासून सगळ्यांनी सराव करा."

पेमा धावत तिच्याकडे आली. "छान चालवतेस तू. पण तिसऱ्यावर उजवीकडून का गेलीस? त्यात वेळ जातो."

"सवय आहे," केतकी म्हणाली.

"मी डावीकडून घेणार," पेमा म्हणाली. "लांब उडी, आणि डावीकडून थेट वळणात. मी इथवर जिंकायला आलेय. या गटातलं माझं हे शेवटचं वर्ष आहे."

केतकीने मान खाली घालून सायकल वळवली. शेवटचं वर्ष म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं.

त्या संध्याकाळी खानावळीत पाहुणे जेवायला बसले. शालनने त्यांच्यासाठी डाळभात आणि पालेभाजी केली होती. पेमाने दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि केतकीला खुणेने शेजारी बोलावलं. केतकी तिच्या शेजारी बसली, पण तिने भात नुसताच कालवला. ती पानावरून उठली आणि सरळ धुमाळ सरांच्या घरी गेली.

सर ओसरीवर बसले होते. ती येईल हे त्यांना जणू माहीत होतं.

"सर, तुम्ही आज बोलला का नाहीत?"

सर म्हणाले, "बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग तू टेकाडावर उभी राहिलेली दिसलीस. मी आज बोललो असतो तर स्पर्धा इथून गेली असती. स्पर्धा गेली की आपल्या जास्तीच्या जागा गेल्या. तुझं हे शेवटचं वर्ष आहे, केतकी. तुझ्या तोंडचा घास मी काढून घेऊ?"

केतकी पायरीवर बसली. तिला तो विमानाच्या शेपटाचा फोटो आठवला. मग पेमाचे गुडघे आठवले.

"सर," ती म्हणाली, "माझ्यासाठी गप्प राहू नका. तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात आणि ती पडली, तर मी तिच्या शेजारी कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"सकाळी मी तुझ्याबरोबर येतो," सर म्हणाले.

सकाळी सराव सुरू व्हायची वेळ झाली. सगळ्या मुली सायकली घेऊन टेकाडावर चढल्या. पेमा पहिल्या रांगेत होती. तिने हेल्मेटचा पट्टा आवळला. गेट पडायला अवकाश होता, तेवढ्यात केतकी सायकल हातात धरून ट्रॅकवर चालत आली आणि तिसऱ्या उंचवट्याच्या पलीकडे, डाव्या बाजूला उभी राहिली. धुमाळ सर तिच्या मागोमाग आले आणि शेजारी उभे राहिले.

"थांबा," सरांनी हात वर केला. "गेट पाडू नका."

सबनीस मॅडम खाली आल्या. काटकर त्यांच्याही पुढे आले.

केतकी म्हणाली, "मॅडम, इथला भराव पोकळ आहे. इथे चाक रुततं. मी पडले आहे इथे."

काटकरांचा चेहरा उतरला. ते खालच्या आवाजात म्हणाले, "असं काही बोलू नकोस पोरी. काल तूच उडी मारलीस ना सगळ्यांसमोर?"

"मारली," केतकी म्हणाली. "कुठे उतरायचं नाही ते मला माहीत होतं. यांना ते माहीत नाही."

सर म्हणाले, "मलाही माहीत होतं. काल मी बोलायला हवं होतं."

सबनीस मॅडमनी पहार मागवली. एका माणसाने ती उतारावर रोवली आणि थोडा जोर दिला. पहार लोण्यात जावी तशी खाली गेली. मग कुदळीने वरचा लाल थर काढला. खाली भुसभुशीत माती होती, दगड होते आणि मान्यवरांच्या मंचाच्या फुटक्या फरश्या होत्या. काही फरश्यांचे कोपरे सुऱ्यासारखे वर आले होते.

टेकाडावरून पेमा ते सगळं बघत होती. तिने हेल्मेट काढून हातात घेतलं.

दुरुस्तीला वेळ उरला नव्हता. स्पर्धा दुसऱ्या देशात हलवली गेली. यजमानाच्या जास्तीच्या जागा त्या देशाला मिळाल्या. भारताच्या संघात दोनच मुली उरल्या, आणि त्यांत केतकी नव्हती.

नेपाळचा संघ निघाला तेव्हा केतकी गाडीपाशी गेली. पेमाने तिचे आभार मानले नाहीत. ती केतकीचा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तू तिथे असायला हवी होतीस." मग गाडी घाटात शिरली. केतकी टेकाडावर चढली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

गावाने तिला सहजासहजी माफ केलं नाही. कमानीवरचे झेंडे उतरवताना माणसं तिच्याकडे बघून बोलणं थांबवायची. दुकानात कोणीतरी म्हणालं, "पोरीने गावाचं तोंड काळं केलं." शालनने ते ऐकलं. ती पिशवी तिथेच ठेवून माघारी आली आणि पुन्हा कधी त्या दुकानात गेली नाही.

स्पर्धेच्या दिवशी सरांनी मोबाइल शाळेच्या बाकावर टेकवून ठेवला. केतकी समोर बसली. कुठल्याशा दूरच्या देशातला ट्रॅक होता. गेट पडलं. पेमा सुटली, चांगली सुटली, पण अंतिम फेरीत तिचा चौथा नंबर आला. केतकीने टाळ्या वाजवल्या. मग शर्यत संपल्यावरही, कोणी नसलेला तो ट्रॅक पडद्यावर दिसत होता तोवर ती बघत राहिली. गेटवर एक जागा तिची असती. कोणती, हे तिने मनाशी ठरवलं होतं.

त्या वर्षाअखेर ती त्या गटातून बाहेर पडली.

एके दिवशी काटकर ट्रॅकवर आले. केतकी सराव करत होती. ते तिसऱ्या उंचवट्यापाशी जाऊन उभे राहिले. मग धुमाळ सरांना म्हणाले, "त्या दिवसापासून मला नीट झोप नाही सर. त्या फरश्या मीच टाकायला सांगितल्या होत्या. कचरा लांब न्यायला नको म्हणून. एखादी पोर त्यावर पडली असती तर?" मग ते म्हणाले, "मुळापासून करू या. तुम्ही सांगाल तसं, आणि तुम्ही सांगाल तेवढ्या वेळात."

तिसरा उंचवटा पार तळापर्यंत उकरला. या वेळी थर घातले, पाणी मारलं, धुमसाने, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्याने, चोपले, पुन्हा थर घातले. काटकर स्वतः धुमस घेऊन उभे राहायचे. त्यांना धाप लागायची, मग ते खाली बसायचे, मग पुन्हा उठायचे. भराव अख्खा पावसाळा तसाच बसू दिला. जिथे दबला तिथे पुन्हा भरला. कमानीला कोणी रंग दिला नाही.

पुढे सबनीस मॅडम पुन्हा आल्या. त्यांनी पहार मागवली. या वेळी ती दगडावर आपटावी तशी वाजली. आणि कुसुंबमाळला स्पर्धा मिळाली.

मुलं आली, निरनिराळ्या देशांतून आली. शालनच्या खानावळीत बसायला जागा पुरेना. केतकी आता या स्पर्धेत बसत नव्हती. मोठ्या गटात ती अजून चाचपडत होती. तिला पिवळा झेंडा देऊन ट्रॅकच्या कडेला उभं केलं होतं. कोणी पडलं तर झेंडा हलवून मागच्यांना सावध करायचं, एवढं तिचं काम.

गेट पडलं. मुली उंचवट्यांवरून उडत आल्या. तिसऱ्यावरून एक लहानशी मुलगी लांब उडाली, डावीकडे उतरली आणि वेग न घालवता वळणात शिरली. तिच्यामागे दुसरी, मग आणखी दोघी. चाकांखालून बारीक धूळ उडाली आणि खाली बसली.

शालन पाण्याची बाटली घेऊन लेकीपाशी आली. तिने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"वाईट वाटतं का गं?"

"वाटतं," केतकी म्हणाली. "मला हवं होतं ते अजून हवंच आहे."

शालनने तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढची रांग टेकाडावर येऊन उभी राहिली होती. केतकीने झेंडा हातात नीट धरला आणि गेटकडे नजर लावली. त्या दिवशी तिला तो एकदाही हलवावा लागला नाही.

तात्पर्य: आपल्याला ठाऊक असलेला धोका दुसऱ्यापासून लपवून मनातली इच्छा पुरी करू नये. खरं बोलल्याने आपल्या हातचं निसटून जातं आणि त्याची हुरहुर कायम राहते. पण त्यामुळे मागून येणाऱ्यांना पाय टेकायला पक्की जमीन मिळते.